माहिती देणाऱ्याची सही

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या कुणाच्या तरी डोक्यातून ‘चिंतनवही’ निघाली आणि परिपत्रकाबरोबर शाळेत येऊन पडली. नववीच्या प्रत्येक मुलाने गावाच्या इतिहासातली एक घटना निवडायची, ती पाहिलेल्या माणसाला प्रश्न विचारायचे आणि मग स्वतःचं चिंतन लिहायचं. गुण वीस. माहितीला पाच, साधनांना पाच आणि उरलेले दहा ‘बदल’ या रकान्याला. बदल म्हणजे घटना समजून घेतल्यावर मुलाच्या विचारांत काय फरक पडला, तो. नमुनाही दिलेला होता. ‘पूर्वी मला वाटायचं की... आता मला वाटतं की...’

पोरं काही खुळी नसतात. आधी चुकीचं वाटत असल्याशिवाय नंतर बरोबर वाटण्याचे गुण मिळत नाहीत, हे त्यांनी पहिल्याच वर्षी ताडलं आणि अख्खा वर्ग आधी चुकीचा झाला. कुणाला पूर्वी युद्ध आवडायचं, कुणाला वाटायचं की गरीब माणसं आळशी असतात. नाकावर चेंडू बसला तरी ज्याच्या डोळ्यांत टिपूस येत नाही, त्या पोराने जुन्या पुराचा फोटो बघून उशी भिजवली होती. भूगोलाचे सर शिक्षकखोलीत हे उतारे आवाज काढून वाचून दाखवायचे. “बघा, बघा, हे पूर्वी दगड होतं, आता पाझरायला लागलं. नऊ गुण द्या याला.”

इतिहासाच्या बाई हसायच्या आणि गुण द्यायच्या. न देऊन करतात काय? रकान्यात जे मागितलंय ते मुलाने लिहिलंय, मग गुण कापायचे कशाच्या आधारावर? पण मनातून त्यांना ते खुपायचं. बावीस वर्षं त्या या शाळेत इतिहास शिकवत होत्या आणि मुलांनी त्यांचं नाव ‘कशावरूनबाई’ पाडलं होतं. मुलाने काहीही ठासून लिहिलं की हिरव्या पेन्सिलीने समासात ‘कशावरून?’ उमटलंच. घरीसुद्धा नवऱ्याला “आज उकडतंय फार” म्हणायचं असलं, तरी तो आधी त्यांच्या तोंडाकडे बघून घ्यायचा. या नावाचा बाईंना राग नव्हता. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच होता.

वही लिहिण्याची पद्धतही त्यांनीच घालून दिली होती. आधी कच्चा मसुदा. त्यावर बाई समासात प्रश्न विचारणार. मग पक्की वही, आणि तिच्या आरंभी तो मसुदा टाचलेला. वहीच्या शेवटच्या पानावर एक छापील तक्ता होता. तोंडी माहिती देणाऱ्याचं नाव, वय, घटनेशी संबंध आणि सही. सही नसेल तर ते साधन धरायचं नाही, असं बाई दरवर्षी वर्गात बजावून सांगत.

गावातल्या एका घटनेवर निम्मा वर्ग दरवर्षी लिहायचा. एक्केचाळीस वर्षांपूर्वी बुटांच्या कारखान्याला आग लागली होती. भर दुपारची वेळ. वरच्या मजल्यावर तळवे चिकटवणाऱ्या तेरा बायका, भोवती गोंदाचे उघडे डबे आणि जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप. बायका बूट लपवून नेतात असा मालकाला संशय, म्हणून कामाच्या वेळात ते दार बंद ठेवायची रीत होती. नऊ जणी गेल्या. चौघी वाचल्या, त्या वॉचमनमुळे. तो समोरच्या सलूनमध्ये दाढीला बसला होता. आरडाओरडा ऐकून तो अर्ध्या गालावरचा साबण तसाच घेऊन धावला आणि पहारीने कुलूप फोडून त्याने चौघींना बाहेर ओढलं. किल्ली मुकादमाकडे होती आणि मुकादम त्या दिवशी गावाबाहेर गेला होता. पुढे लोकांनी मुकादमाच्या घरावर दगड मारले. तो बायकामुलांसह गाव सोडून गेला, तो परत आलाच नाही.

चौकात आता नऊ नावांचा दगड आहे. दरवर्षी त्या तारखेला शाळा नववीच्या मुलांना तिथे घेऊन जाते आणि तो वॉचमन सगळी हकिकत सांगतो. आज तो त्र्याहत्तर वर्षांचा आहे. गाव त्याला पहारआजोबा म्हणतं. गोष्ट साबणापाशी आली की मुलं हसतात आणि कुलूप तुटेपर्यंत गप्प होतात. बाईंनी ती बावीस वेळा ऐकली होती. कुठे थांबायचं, कुठे खाकरायचं, हेही त्यांना पाठ झालं होतं.

या वर्षी नववीत पहारआजोबांची नातच होती. पायाला चाकं लावल्यासारखी हिंडायची म्हणून घरी आणि वर्गातही तिला सगळे भिंगरी म्हणत. तिने कुठली घटना निवडली असेल ते सांगायला नको. कच्च्या मसुद्यात तिने आजोबांची हकिकत साबणासकट उतरवून काढली होती. एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात पेन्सिल, समोर पन्नास मसुद्यांची चळत, अशा घाईत बाईंनी ‘पहारीने कुलूप फोडलं’ या वाक्यापाशी समासात लिहिलं, ‘कशावरून? वॉचमनकडे किल्ली नसते का?’ लिहिलं आणि पान उलटलं. पुढच्या मसुद्यावर गेल्या तेव्हा तो प्रश्न त्या विसरूनही गेल्या होत्या.

पक्की वही आली ती मात्र वेगळीच. ‘पूर्वी मला वाटायचं की माझे आजोबा शूर आहेत,’ भिंगरीने लिहिलं होतं. ‘आता मला वाटतं की दार सांभाळायचं काम ज्याचं, किल्लीही त्याच्याकडेच असते. मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, किल्ली माझ्याच खिशात होती, पण घाबरल्यामुळे मला आठवलं नाही. हे ऐकून मी खूप रडले. आता मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघते, पण त्यांचा हात सोडणार नाही.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले. काय धीराची पोर, आणि काय धीराचा म्हातारा, असं त्यांना वाटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खरोखर विचारलं होतं आणि कुणीतरी खरोखर सांगितलं होतं. त्यांनी वीसपैकी वीस गुण दिले. शेवटचं पान उलटून बघायचं त्यांना सुचलंच नाही.

पालकसभेच्या दिवशी त्यांनी ती वही उघडून मधल्या फलकावर लावली. भिंगरी घुटमळली होती. “बाई, माझी नका ना लावू.” बाई म्हणाल्या, “अगं, घाबरतेस काय? खरं लिहिलेलं लपवायचं नसतं.”

सभेला भिंगरीची आई आणि पहारआजोबा आले. आजोबांनी चष्मा लावून फलकापुढे उभं राहून ते पान वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. त्यांच्या मागे आणखी चार माणसं उभी राहून वाचत होती. मग आजोबांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि सभा सुरू व्हायच्या आत ते निघून गेले. मन भरून आलं असेल, असं बाईंना वाटलं.

तीन दिवसांनी, बुधवारी, शाळा सुटल्यावर भिंगरी एकटीच वर्गात मागे राहिली. एरवी घंटा होताच दारातून पहिली पळणारी ती. बाकावरून उठून टेबलापाशी आली आणि म्हणाली, “बाई, मला शून्य द्या.”

“काय झालं गं?”

“मी खोटं लिहिलंय. आजोबांनी मला असलं काही सांगितलं नव्हतं. मी त्यांना विचारलंच नाही.”

बाईंना आधी कळलंच नाही. भिंगरी मान खाली घालून भराभर बोलत सुटली. “माझा बदलच होत नव्हता, बाई. आजोबा शूर आहेत असं मला पूर्वीही वाटायचं आणि नंतरही तेच वाटत होतं. मग दहातले मला दोनच मिळाले असते. तुम्ही मसुद्यावर लिहिलं होतं ना, वॉचमनकडे किल्ली नसते का, त्यावरून मला सुचलं. मला वाटलं, तुम्हीच फक्त वाचाल आणि गुण द्याल.”

“आणि आजोबा?”

“बोलत नाहीत.” इथे तिचा बांध फुटला. “मी त्यांची माफी मागितली. म्हटलं, आजोबा, गुणांसाठी मनानेच लिहिलं. ते नुसते बघत राहिले माझ्याकडे. दोन घास खातात आणि उठतात. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलीय त्यांनी. दूधवाला आईला म्हणाला, काय हो, किल्ली खिशात होती म्हणे. बाई, तुम्ही फलकावर लावा ना की हे खोटं आहे. माझं नाव घालून लावा.”

ती गेल्यावर बाईंनी वही पुढ्यात ओढली आणि शेवटचं पान उघडलं. तक्ता कोरा होता. नाव नाही, वय नाही, सही नाही. त्यांची कानशिलं तापली. साऱ्या जगाला कशावरून विचारणाऱ्या बाईंनी जिथे विचारायला हवं होतं तिथे डोळे पुसले होते. आणि एका म्हाताऱ्या माणसाची अब्रू सुईने टोचून भिंतीवर टांगली होती. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की शिक्षकखोलीत जाऊन पर्स आणायचंही धाडस होईना.

भूगोलाच्या सरांना त्यांनी सगळं सांगितलं. सरांनी या खेपेस आवाज काढला नाही.

“नियम सरळ आहे,” ते म्हणाले. “साधन बनावट निघालं तर पूर्ण शून्य. आणि गुणपत्रकात शेरा लिहायचा, ‘बनावट’. तो शेरा दप्तरात राहतो, पुढच्या शाळेतही जातो. शुक्रवारी बारा वाजता लिपिक गुणपत्रक बंद करणार.”

“पोरीने स्वतःहून येऊन सांगितलंय.”

“म्हणून तर वाईट वाटतं. न सांगणारे चाळीस जण आहेत, त्यांना आपण नऊ नऊ गुण दिलेत.”

गुरुवारी संध्याकाळी बाई वही घेऊन भिंगरीच्या घरी गेल्या. तिसरा मजला, अरुंद जिना, वळणावर कुणाची तरी सायकल साखळीने बांधलेली. दार भिंगरीच्या आईने उघडलं. ती दवाखान्यात नर्स होती, नुकतीच ड्यूटीवरून आली होती आणि पायांतले पांढरे मोजे अजून तसेच होते. तिने बाईंना बसा म्हटलं नाही.

“वीसपैकी वीस दिलेत ना? मग आता आणखी काय न्यायला आलात?”

“माफी मागायला आले.”

“माझी कशाला? आत बसलेत, त्यांची मागा. सासरे म्हणून नाही सांगत, पण या माणसाने आजवर कुणाला दुखवलेलं मी पाहिलं नाही.” तिने आतल्या खोलीकडे हात केला आणि मोरीत जाऊन नळ सोडला.

आतली खोली लहान होती. एक पलंग, एक कपाट, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. खुर्ची खरंच भिंतीकडे तोंड करून होती. पहारआजोबांची दाढी चार दिवसांची वाढली होती. आगीनंतर ते पुन्हा कधी सलूनच्या खुर्चीत बसले नाहीत, दाढी घरीच करतात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आठवण सहन होत नसेल बिचाऱ्यांना, असं लोक म्हणत.

“काका,” बाई उभ्यानेच म्हणाल्या, “चूक माझी आहे. मुलीने मनाने रचलं आणि मी शहानिशा न करता ते भिंतीवर लावलं. उद्या सकाळी मी खुलासा लावते. चौकात येऊन सांगायला हवं असेल तर तेही सांगते.”

“दार लावून घ्या, बाई.”

बाईंनी दार लावलं. म्हाताऱ्याने खुर्ची वळवली नाही, नुसती मान फिरवली.

“ती म्हणते, तिला सुचलं. खरंच तिला कुणी सांगितलं नाही? मुकादमाच्या घरचं कुणी आलं होतं का गावात?”

“नाही हो. मीच मसुद्यावर एक प्रश्न लिहिला होता. त्यावरून तिने रचलं.”

“काय प्रश्न?”

“वॉचमनकडे किल्ली नसते का, असा.”

म्हातारा हसल्यासारखा आवाज करून थांबला. “एक्केचाळीस वर्षं झाली. पोलीस येऊन गेले, पेपरवाले आले. दरवर्षी तुमची पन्नास पोरं येतात. मी साबणाचं सांगतो, सगळी हसतात. कामावर असलेला वॉचमन दाराला कुलूप घालून दाढीला कसा बसला होता, हे कुणी विचारलं नाही. तुम्ही पण नाही विचारलंत, बाई.”

बाईंनी मागे हात नेऊन पलंगाची कड चाचपली आणि त्या बसल्या.

“किल्ली माझ्याच खिशात होती,” तो म्हणाला. “धावताना मांडीला टोचत होती. पहार मारत होतो तेव्हाही टोचत होती. काहीतरी टोचतंय, एवढंच कळत होतं. खिशात हात घालावा हे डोक्यात आलंच नाही. देवाशप्पथ नाही आलं. कुलूप मोठं होतं. आतून पहिल्यांदा खूप आवाज येत होते. मग कमी येत होते. दार उघडलं तेव्हा पुढे चौघीच उरल्या होत्या. संध्याकाळी घरी येऊन पँट काढली, तर खण्णकन खाली पडली. भिंगरीच्या आजीने उचलून फळीवर ठेवली. तिला वाटलं, कपाटाची आहे.”

बाहेर नळ वाहत होता. बाई म्हणाल्या, “पण मुकादम...”

“किल्ल्या दोन होत्या. एक त्याच्याकडे होतीच. पोलिसांनी विचारलं, किल्ली कुणाकडे? मी म्हटलं, मुकादमाकडे. खोटं नव्हतं ते. अर्धंच बोललो. त्याच्या घरावर दगड पडले तेव्हा मी इथेच होतो, या खिडकीत. माझ्याच हातातून सुटल्यासारखा एकेक दगड लागत होता मला, पण खाली नाही उतरलो.” त्याने खिडकीतल्या टॉवेलकडे बघितलं. “तुम्ही म्हणाल, मग दरवर्षी चौकात सांगायला कशाला जातो? पहिल्या वर्षी नाही म्हणालो असतो, तर का नाही, असं विचारलं असतं. मग सवय झाली. नंतर नंतर सांगताना मलाच खरं वाटायला लागायचं. त्या दिवशी त्या पोरीचं अक्षर बघितलं आणि वाटलं, खिशात हात घातलाच हिने.”

“काका, आता काय करायचं?”

“तिला शून्य द्या.”

“शून्य?” बाईंनी विचारलं.

“ती म्हणतेय ना खोटं लिहिलं? तुम्ही पण म्हणा, हो, खोटं. शाळेचा शिक्का मारा त्याच्यावर. म्हणजे ते खोटं ठरलं. खोटं बोलले म्हणून पोर चार दिवस रडेल आणि सावरेल. हे कळलं तर नाही सावरणार. माझा हात धरून चौकात येत होती हो ती, चौथीत असल्यापासून. दगडावरची नावं तिला पाठ आहेत.”

आणि बाईंना त्या क्षणी हो म्हणावंसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. एका शेऱ्याने सगळं झाकलं गेलं असतं. म्हाताऱ्याची अब्रू राहिली असती, पोरीचे आजोबा राहिले असते आणि बाईंची चूकही पोरीच्या पदरात जाऊन पडली असती. तेच त्यांना टोचलं.

“शून्य देताना कारण लिहावं लागतं, काका,” त्या म्हणाल्या. “‘बनावट’ असं लिहावं लागेल. ते तिच्या नावापुढे राहील.”

“किती दिवस?”

“कायमचं. शाळा बदलली तरी.”

म्हाताऱ्याने पुन्हा मान भिंतीकडे वळवली. बाईंनी वही पिशवीतून काढून पलंगावर ठेवली. “गुण उद्या बारा वाजता जातात. वही इथे राहू दे. सकाळी भिंगरीबरोबर पाठवा.” वही तिथे का ठेवली, हे त्यांचं त्यांनाही धड सांगता आलं नसतं. त्याच्यावर माया करून ठेवली, की आपल्या गळ्यातलं लोढणं त्याच्या गळ्यात अडकवलं? जिना उतरताना त्या हेच स्वतःला विचारत होत्या आणि उत्तर काही बरं येत नव्हतं.

खालच्या पायरीवर भिंगरी बसली होती. ती ताडकन उठली. “बोलले?”

“बोलले.”

“रागावलेत का खूप?”

“तुझ्यावर नाही.”

पोरीचा जीव भांड्यात पडला. ती दोन दोन पायऱ्या ओलांडत वर पळाली आणि बाईंना ते बघवेना. घरी जाताना चौकातला दगड लागला. नऊ नावं, आणि खाली बारीक अक्षरांत, चौघींना वाचवणाऱ्या पहारेकऱ्याचा उल्लेख. हा मजकूर बाईंनी बावीस वर्षं वर्गात लिहून घेतला होता, आणि त्यावर एकदाही हिरवी पेन्सिल फिरवली नव्हती.

शुक्रवारी बाई पहिल्या तासापासून दाराकडे बघत होत्या. भिंगरी शाळेत आली नव्हती. साडेअकराला लिपिक येऊन उभा राहिला. “बाई, तेवीस नंबर कोराच आहे. बाकी सगळे भरलेत.”

“बारा वाजलेत का?”

“नाही, पण...”

“मग थांबा थोडं.”

पावणेबाराला भिंगरी आली. दप्तर नव्हतं, गणवेश नव्हता, केस विंचरलेले नव्हते. वही छातीशी धरली होती. लिपिकाकडे बघून ती दारातच थबकली. बाईंनी त्याला बाहेर जायला सांगितलं.

“आजोबा म्हणाले, वाटेत उघडू नकोस, बाईंच्या हातात दे,” ती म्हणाली. “पण मी उघडली.”

तिने शेवटचं पान काढून वही टेबलावर ठेवली. तक्ता भरलेला होता. अक्षर मोठं, कापरं, रेघेच्या वरखाली जाणारं. तोंडी माहिती देणाऱ्याचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. वय त्र्याहत्तर. घटनेशी संबंध या रकान्यात जागा कमी होती, म्हणून अक्षरं शेवटी दाटीने बसवली होती. ‘किल्ली माझ्याजवळ होती.’ त्याखाली सही.

“बाई,” भिंगरी म्हणाली, “त्यांनी हे माझे गुण जाऊ नयेत म्हणून लिहिलंय ना? काल तुम्ही त्यांना सांगितलंत ना, बनावट असं लिहावं लागतं म्हणून? नळ बंद केल्यावर आईला तेवढंच ऐकू आलं, तिने मला सांगितलं. माझ्यासाठी खोटं लिहिलं ना त्यांनी?”

तिच्या चेहऱ्यावर किती आशा होती. एक ‘हो’ पुरला असता. काल म्हातारा हेच मागत होता. पण काल त्याने सही केली नव्हती, आणि आज केली होती.

“नाही गं,” बाई म्हणाल्या.

भिंगरी पानाकडे बघत राहिली. तिचं बोट त्या दाटलेल्या अक्षरांवर गेलं आणि तिथेच थांबलं. बाईंना वाटलं, आता ही रडेल, नाहीतर ओरडेल, नाहीतर माझ्या अंगावर येईल, आणि आली तर योग्यच करेल.

“म्हणजे त्यांना आधीपासून माहीत होतं?”

“हो.”

“आजीला?”

“नाही. कुणालाच नाही.”

“मग ते एकटेच?” तिने विचारलं. “एवढी वर्षं?”

बाईंनी मान हलवली.

“मी निघताना ते जिन्यापर्यंत आले होते,” भिंगरी म्हणाली. “दाढी केली होती. म्हणाले, परत येशील ना? मी म्हटलं, असं काय विचारताय, शाळेतच तर चाललेय.” तिने दाराकडे बघितलं. “मी घरी जाऊ, बाई?”

“जा.”

ती वही तिथेच टाकून धावत सुटली. व्हरांड्यात तिच्या चपलांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला आणि मग फाटकाची कडी वाजली.

लिपिक आत आला. बाईंनी गुणपत्रक पुढे ओढलं आणि तेवीस नंबरपुढे माहितीचे पाच आणि साधनांचे पाच गुण लिहिले. तिसऱ्या रकान्यावर पेन टेकवलं आणि उचललं.

“बदल राहिला, बाई,” लिपिक म्हणाला. “दहापैकी किती?”

“मला नाही सांगता येत,” बाई म्हणाल्या. त्यांनी हिरवी पेन्सिल शोधली, वही पुन्हा मसुद्याच्या पानापर्यंत उलटली आणि समासातल्या स्वतःच्या अक्षरातल्या त्या प्रश्नाखाली तारीख घालून आपली सही केली.